गळ्यात पागोटं

विसाव्या रोज्याचं ऊन सेलूच्या छपरांवरून उतरत चाललं आहे आणि सूर्य बुडायच्या आत तुम्हाला मशिदीत पोचायचं आहे. खांद्यावर वळकटी, हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन जोडी कपडे, पंचा, मिस्वाक, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तसबीह. मोबाईल तुम्ही घरीच ठेवला आहे. मगरिबच्या अजानीआधी पाऊल आत पडलं पाहिजे, तरच रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींचा एतिकाफ, म्हणजे मशिदीतला एकांतवास, पुरा धरला जातो. तो ईदचा चंद्र दिसेपर्यंत चालतो. तोवर नैसर्गिक विधी, वजू आणि गरजेची अंघोळ सोडली तर या उंबऱ्याबाहेर जायचं नाही.

मागच्या कोपऱ्यात दोन खिळ्यांना सुतळी ताणली आहे. तिच्यावर सेफ्टी पिनांनी अडकवलेली चादर. कुणाच्या तरी लग्नातली असावी, धुऊन धुऊन तिच्यावरची गुलाबाची फुलं फिकी पडली आहेत. आतली जागा माणूस आडवा होईल एवढी. एक चटई, रेहालीवर कुराण, पाण्याची बाटली. चादर खालून वीतभर आखूड आहे, त्यामुळे आत बसलं की येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. भेगाळलेल्या टाचा. नखांत सिमेंट बसलेली गवंड्याची बोटं. वजूचं पाणी न पुसता धावत आलेल्या पोराचे ओले तळवे. थोड्याच वेळात तुम्ही पायांवरून माणसं ओळखू लागता.

शेजारच्या चादरीआडून चाचांचा आवाज येतो, "आ गए क्या? बस, अब मोहल्ले का बोझ उतर गया."

चाचा बोलतात ते शब्दशः खरं आहे. हनफी धर्मशास्त्राप्रमाणे हा एतिकाफ अशा कर्तव्यांत मोडतो की वस्तीतला एक जण बसला तरी सगळ्यांच्या वतीनं ते पार पडतं आणि कुणीच बसलं नाही तर सगळी वस्ती दोषी ठरते. म्हणजे तुम्ही चादरीआड एकटे बसला आहात ते गल्लीसाठी. म्हणून तर इफ्तारीला एका घरातून खजूर आणि भजी येतात, सहेरीला दुसऱ्या घरातून डबा येतो आणि डबा आणणारं पोर चादरीखालून तो आत सरकवतं. तुमची पत्नी बसणार असेल तर ती घरातल्या नमाजाच्या कोपऱ्यात बसेल आणि घर तिच्याभोवती हलक्या पावलांनी वावरेल. या परंपरेतला एकांत जाणून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. डोंगराकडे किंवा जंगलाकडे बोट दाखवून सुरुवात केली की सगळंच चुकतं, असं माझं मत आहे.

तरावीह संपते. दिवे मालवले जातात, पंखे चालू राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की एकांतात आधी अल्लाहची याद येत असेल. आधी येतात ती माणसं. मालाच्या वजनात फसवलेला शेतकरी, ज्याचे पैसे बुडवले तो मित्र, चारचौघांत जिचा पाणउतारा केला ती बहीण. तुम्ही तसबीह ओढत राहता आणि मण्यामण्याला एकेक चेहरा पुढे येतो.

मशिदीच्या कपाटात गझालींच्या 'इह्या'चा उर्दू तर्जुमा आहे. चाळीस प्रकरणांच्या त्या ग्रंथात एकांतावर एक प्रकरण आहे आणि तौबेवर, म्हणजे पश्चात्तापावर, दुसरं, एकतिसावं. हा माणूस अनुभवातून लिहीत होता. 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातली मानाची गादी सोडून तो निघाला आणि दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारात दार लावून दिवसचे दिवस बसला. पण तिथेच संपला नाही. 1106 मध्ये तो निशापूरला पुन्हा शिकवायला उभा राहिला. तौबेच्या अटी तुम्हाला लहानपणापासून पाठ आहेत. गुन्हा सोडायचा, मनापासून पस्तावायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. अल्लाह आणि बंदा यांच्यातला मामला असेल तर एवढं पुरतं. पण माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी अट येते. घेतलेलं परत करायचं, नाहीतर त्या माणसाकडून माफी मिळवायची. रात्रभर सजद्यात पडून राहिलं तरी या अटीतून सुटका नाही.

आणि ती माणसं बाहेर आहेत, तुम्ही आत.

शबे बारातच्या आधी 'कहा-सुना माफ करना' असं म्हणत दारोदार जायची रीत होती. आता तोच मजकूर फोनवरून एकदम दोनशे जणांना जातो. ज्याला तो खरोखर जायला हवा असतो, त्याच्याशी आपण बोलतच नसतो आणि त्याचा नंबर त्या यादीत नसतो. याचं मला फार वाईट वाटतं.

मनमाडकडे निघालेली गाडी सेलूच्या फलाटावर येऊन थांबते. मशिदीत तिचा भोंगा ऐकू येतो. शरीर उंबऱ्याबाहेर गेलं तर एतिकाफ मोडेल. मनाला ती अट नाही. तेव्हा बसा गाडीत.

सातोना, परतूर, जालना. मागे राहिलेल्या सेलूचा निरोप घेताना एवढं लक्षात असू द्या की फकिराची पावलं या गावाला नवी नाहीत. इथल्याच गोपाळराव देशमुखांकडे एका फकिराच्या बायकोनं आपलं पोर आणून सोपवलं आणि तेच पुढे शिर्डीचे साईबाबा झाले, अशी कथा दासगणूंनी लिहून ठेवली आहे. त्या पोरानं पुढे आयुष्य काढलं ते मशिदीत, आणि तीही माणसांनी गजबजलेली.

औरंगाबादेत पहाटे उतरता तेव्हा काळही मागे सरकलेला असतो, शहराचं आजचं नाव अजून पडलेलं नाही. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिरांचा तकिया, म्हणजे फकिरांचं ठाणं, आहे. ते आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश दोघेही मूळ बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. त्याच गावच्या ख्वाजा अब्दुल खालिकांनी नक्शबंदी वाटेचे जे नियम बांधले, त्यांतला एक असा की एकांत पाळायचा तो गर्दीत राहून. या तकियात तो तुम्हाला डोळ्यांनी दिसतो. वाटसरू येताहेत, सैनिक येताहेत, हंडे चढताहेत, आणि या सगळ्यात एक म्हातारा ओठ न हलवता जिक्र करतो आहे. पुढे दूरच्या डोंगरातून नळानं पाणी आणून इथे पाणचक्की बसली आणि ती इथल्या फकिरांचं आणि वाटसरूंचं पीठ दळू लागली. इथे तुम्हाला रेंगाळावंसं वाटेल. पण खुलदाबाद बोलावतं आहे.

साल 1707. फेब्रुवारी संपून मार्च लागला आहे. घाट चढून एक शव खुलदाबादला येतं. नगरजवळच्या भिंगारच्या छावणीत बादशहा औरंगजेब वारला आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या अंगणात पुरायचं आहे. तुम्ही गर्दीत उभे आहात. वर घुमट नाही, छप्पर नाही. साधी माती आणि वर आभाळ.

त्याच्या नावानं जे मृत्युपत्र चालत आलं आहे त्यात हिशेब आहे. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनाला लावावेत. कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले 305 रुपये मृत्यूच्या दिवशी फकिरांना वाटावेत. शेवटच्या दिवसांत आझम आणि कामबक्ष या मुलांना लिहिलेल्या पत्रांत हा नव्वदीला टेकलेला माणूस कबूल करतो की आपण एकटे आलो, एकटेच चाललो, बरोबर पापांचं ओझं आहे आणि पुढे काय शिक्षा होईल ते ठाऊक नाही. ती पत्रं वाचताना कुणाचंही मन हलेल. माझं हलतं.

तरी गर्दीत उभे राहून तुम्ही त्या चौथ्या अटीचा विचार करता. बाप आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत वारला. दारा आणि मुराद हे सख्खे भाऊ मारले गेले. पोटचा मुलगा अकबर परागंदा होऊन इराणात मेला. पाव शतक या मुलखातून फौजा फिरल्या, त्यांत उभी पिकं गेली, गावं ओस पडली. पश्चात्तापाची पत्रं गेली ती मुलांना. ज्यांचा हक्क मारला गेला त्यांच्यातल्या कुणाच्या दारात तो उभा राहिला नाही. बहुतेक जण तोवर जमिनीखाली होते, आणि बादशहाला दुसऱ्याच्या दारात उभं राहायची सवयही नसते. टोप्यांचे पैसे हलालाचे होते, यात शंका नाही. पण त्याच्या मनातला एकांत आणि बाहेरची माणसं यांच्यामध्ये सिंहासन उभं होतं आणि ते त्याला कधी ओलांडता आलं नाही. त्याच्या आत काय घडलं याचा निवाडा करणारे आपण कोण? अंगणात उभं राहून मला जे दिसतं तेवढंच सांगतो.

ज्यांच्या अंगणात तो पुरला गेला, ते शेख झैनुद्दीन बादशहांशी कसे वागायचे तेही पाहा. याच जागी उभे राहून साडेतीनशे वर्षं मागे जा.

1366 च्या सुमारास दौलताबादेत बंड झालं. बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशाह ते मोडायला आला. हरलेल्या बंडखोरांना झैनुद्दीननी गुजरातेकडे निघून जाण्याचा सल्ला दिला, म्हणून सुलतान आधीच चिडलेला. त्यातून राज्यातल्या सगळ्या शेखांनी सुलतानाशी निष्ठेची शपथ घेतली आणि झैनुद्दीननी घेतली नाही. कारण सुलतान दारू पितो. पुढची हकीकत इतिहासकार फिरिश्तानं लिहिली आहे. शहर सोडून जा, असा हुकूम येतो. तुम्ही पाहता की शेख उठतात, जानमाज खांद्यावर टाकतात, काठी घेतात आणि शहराबाहेर आपल्या गुरूच्या, बुऱ्हाणुद्दीन गरीबांच्या कबरीपाशी येतात. तिथे काठी जमिनीत रोवतात, जानमाज अंथरतात आणि बसतात. आता मला इथून उठवील असा माणूस कोण आहे ते पाहू, म्हणतात.

गुरूच्या कबरीशेजारी अंथरलेलं हातभर कापड. सुलतानाचे निरोपे येतात नि जातात, कबुतरं घुमतात, दुपार कलते. इथे बसलेल्या माणसाला काहीच नको आहे आणि म्हणून त्याचं काहीच बिघडवता येत नाही. तुम्हाला सेलूतल्या चादरीआडची आपली जागा आठवते. तीही एवढीच आहे, पण तुम्ही तिथे स्वतःच्या तौबेसाठी बसला आहात. हा म्हातारा बसला आहे तो एका राजाला तौबेपर्यंत आणण्यासाठी.

राजा नरमतो. माफीचा निरोप पाठवतो. शेखांचं उत्तर सरळ आहे. तुझ्या बापासारखा वागलास, दारूची दुकानं बंद केलीस, तर माझ्याएवढा तुझा हितचिंतक दुसरा नाही. फिरिश्ता सांगतो की मुहम्मदशाहानं राज्यातले गुत्ते बंद करवले. 'मी प्यायचं सोडलं' असं मनात म्हणून तो थांबला असता तर कुणाला कळलं नसतं. दुकानं बंद झाली हे गल्लीतल्या बायकापोरांना कळलं.

आता आणखी तीस-पस्तीस वर्षं मागे. झैनुद्दीन अजून शेख नाहीत. ते तरुण आलिम आहेत, कुराणाचे उत्तम पाठक, आणि सुफींच्या समा-गायनावर टीका करणारे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं देवगिरीला दौलताबाद करून दुसरी राजधानी मांडली आणि दिल्लीतले शेख, कवी, कारकून, सरदार असा सगळा लवाजमा दख्खनेत आणला. वाटेत माणसं मेली. पोचलेल्यांना घराची ओढ लागून राहिली. अशा उन्मळलेल्या लोकांच्या मधोमध बुऱ्हाणुद्दीनांचा खानकाह, म्हणजे सुफी मठ, आहे.

दार उघडं आहे. आत या. रुक्नुद्दीन काशानी नावाचा मुरीद, म्हणजे शिष्य, शेखांचं बोलणं टिपून घेतो आहे. त्याची वही पुढे 'नफाइस-उल-अनफास' म्हणून ओळखली जाईल. नवा माणूस येतो, शेखांच्या हातात हात देऊन तौबा करतो, मग त्याच्या केसांची बट कात्रीनं कापली जाते आणि डोक्यावर टोपी ठेवली जाते. झैनुद्दीनही एक दिवस असेच येतात. ज्या गोष्टीवर टीका केली तिच्याच दारात, आपल्या विद्येसकट. मानी विद्वानाला हे किती जड गेलं असेल, ते विद्येचा थोडाफार अभिमान असलेल्या कुणालाही सांगायला नको.

कोपऱ्यात एक वृद्ध कवी बसले आहेत, अमीर हसन सिज्झी. यांनी तौबा केली ती बरंच आयुष्य मैफलींत आणि प्याल्यांत गेल्यावर. मग दिल्लीला ख्वाजा निजामुद्दीन औलियांच्या बैठकींतलं बोलणं त्यांनी पंधरा वर्षं टिपलं, त्याचं पुस्तक म्हणजे 'फवाइद-उल-फुआद'. त्याची पहिली बैठक 1308 च्या जानेवारीतली आहे आणि तिचा विषय तौबा आहे. ख्वाजांच्या बोलण्याचा आशय असा, की ज्यानं कधी पापाला हात लावला नाही तो, आणि ज्यानं पाप करून तौबा केली तो, दोघे एकाच पायरीवर आहेत. उशिरा परतलेल्या कवीनं आपलं पुस्तक नेमकं त्या वाक्यापासून सुरू करावं! त्यांची कबर इथेच, खुलदाबादला आहे. जीभ आणि बुद्धी चालावी म्हणून लोक तिच्यावर साखर ठेवून ती मुलांना चाटवत आले आहेत.

पण मला तुम्हाला दाखवायचे आहेत ते स्वतः बुऱ्हाणुद्दीन. ज्यांच्या नावानं पुढे तापीकाठी बुऱ्हाणपूर वसलं, ज्यांच्या कबरीजवळ राजे पुरून घ्यायला धडपडले, ते बुऱ्हाणुद्दीन. समोर गादीवर बसलेला हा वृद्ध दुसऱ्यांची तौबा इतक्या हळुवारपणे ऐकून घेतो, याचं कारण दिल्लीत आहे.

तर मग दिल्ली. यमुनेकाठचं गियासपूर, 1325 च्या आधीचं. ख्वाजा निजामुद्दीन हयात आहेत. वरच्या मजल्यावर त्यांची खोली, खाली लंगरची वर्दळ. ही हकीकत अमीर खुर्द यांच्या 'सियर-उल-औलिया'त आहे. ते त्याच घरात वाढलेले, त्यामुळे त्यांच्या सांगण्यात घरच्या माणसाचा बारकावा आहे.

बुऱ्हाणुद्दीनांचं वय झालं आहे. आपल्या घरी बसताना ते घोंगडी दुपदरी करून तिच्यावर बसतात. बस, एवढंच. पण भेटायला येणारे समोर जमिनीवर बसतात आणि हे घोंगडीवर. दोघा जणांनी ख्वाजांच्या कानावर घातलं की तुमचा मुरीद आताच शेख होऊन गादी घालून बसतो. जाड्याभरड्या लोकरीची एक घडी, तिची जाडी ती किती! पण गुरू हयात असताना शिष्यानं स्वतःला वर उचलून धरावं ही त्या घरातली मोठी चूक. ख्वाजा दुखावले.

तुम्ही पाहता की बुऱ्हाणुद्दीन नेहमीसारखे येतात, कदमबोसी करतात, बसतात. ख्वाजा एक शब्द बोलत नाहीत. बुऱ्हाणुद्दीन खाली उतरतात तेव्हा इकबाल हा सेवक निरोप आणतो. उठा आणि निघून जा, असा हुकूम आहे.

काही दिवस एका सोबत्याच्या घरी, मग स्वतःच्या घरी. ते कोपऱ्यात बसले आहेत. शहरातली माणसं त्यांच्याकडे येतात ती मयताच्या घरी यावं तशी, सांत्वनाला. हा एकांत त्यांनी मागितलेला नाही. चिल्ल्याचे चाळीस दिवस माणूस आपण होऊन मोजतो. इथे किती दिवस हे कुणी सांगितलेलं नाही.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला काब इब्न मालिकांची गोष्ट ठाऊक आहे. इ.स. 630 मध्ये तबूकच्या मोहिमेला मदिनेतली फौज निघाली आणि काब आज निघू, उद्या निघू करत मागे राहिले. पैगंबर परतल्यावर मागे राहिलेल्या अनेकांनी सबबी सांगितल्या आणि सुटले. काब शायर होते, शब्दांना तोटा नव्हता. त्यांनी सबब सांगितली नाही. माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणाले. त्यांच्याशी आणि आणखी दोघांशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं. पन्नास रात्री. बाजारात जावं तर कुणी तोंड उघडत नाही, मशिदीत सलाम करावा तर उत्तराचे ओठ हलले की नाही ते कळत नाही. चुलतभावाच्या बागेची भिंत चढून गेले, त्यानंही सलाम घेतला नाही. पन्नासाव्या पहाटे ते घराच्या छतावर नमाज पढून बसले असताना डोंगरावरून कुणीतरी ओरडलं की माफी झाली. ती बातमी आणणाऱ्याला त्यांनी अंगावरचे कपडे काढून दिले, दुसरे उसने घेतले आणि मशिदीकडे धावले. तिथे सोबत्यांपैकी तल्हा उठून धावत येऊन हात मिळवते झाले. काब सांगत, ते मी कधी विसरलो नाही. कुराणाच्या ज्या सूरेत या तिघांचा उल्लेख आहे तिचं नावच अत-तौबा.

बुऱ्हाणुद्दीनही वयाची सबब पाठवू शकले असते, आणि ती खरीच होती. पण ख्वाजांच्या घरात सबब कामाची नाही. माफीच मागावी लागते.

अमीर खुस्रो ख्वाजांकडे शब्द टाकतात. एकदा, पुन्हा. ख्वाजा बधत नाहीत. या खुस्रोंनाच आणखी एका मित्राचा निरोप घेऊन एकदा वर जावं लागलं होतं. शेख नसीरुद्दीनना, जे पुढे चिराग-ए-दिल्ली झाले, अवधमध्ये लोकांच्या गर्दीमुळे इबादत जमेना. त्यांनी रानात, डोंगरात जाऊन राहण्याची परवानगी मागितली होती. खुस्रोंनी विचारलं आणि ख्वाजांनी सांगितलं की नाही, त्यांनी माणसांतच राहावं, माणसांचे तडाखे सोसावेत आणि उलट त्यांचं भलं करावं. एकाला एकांत हवा होता, त्याला तो नाकारला. दुसऱ्याला नको होता, त्याच्यावर तो लादला. दोन्ही वेळा मधे हा दरबारी शायर, ज्याला स्वतःला सात सुलतानांच्या गजबजाटातून एक दिवस सुटका नव्हती.

आणि आज खुस्रो डोक्यावरचं पागोटं उतरवतात. ते उलगडून गळ्यात घालतात, कैद्याच्या गळ्यात दोर असावा तसं, आणि ख्वाजांसमोर उभे राहतात. बोलत नाहीत. दिल्लीतल्या सगळ्यात नावाजलेल्या शायराच्या तोंडून शब्द नाही. ख्वाजा लाडानं त्यांना तुर्क म्हणतात. तसंच म्हणून विचारतात की हे काय, काय हवं आहे. खुस्रो सांगतात की बुऱ्हाणुद्दीनांची माफी हवी आहे.

ख्वाजांच्या चेहऱ्यावर हसू येतं. कुठे आहेत ते? बोलवा.

तुम्ही जिन्याच्या तोंडाशी उभे आहात. आता दोघे येतात, गळ्यात पागोटी घातलेली. एकानं चूक केली आहे आणि दुसऱ्यानं काहीही केलेलं नाही, आणि त्यांच्याकडे पाहून कोण कोणता ते सांगता येत नाही. ज्याला मैत्री म्हणतात ती मला इथे दिसते. चादरीआड दहा रात्री बसून स्वतःचे हिशेब करणाऱ्या माणसाला असा एक खुस्रो लाभला तर चौथी अट एवढी अवघड राहणार नाही. आणि खरं तर आपणही कुणासाठी तरी पागोटं उतरवू शकतो, हे आपल्या ध्यानातच येत नाही. सेलूत असो की दिल्लीत, दोन घरांतला अबोला वर्षानुवर्षं टिकतो तो बहुतेकदा भांडणाच्या जोरावर टिकत नाही. दोघांच्याही ओळखीचा जो तिसरा असतो, तो 'आपण कशाला मधे पडा' म्हणून घरी बसतो, म्हणून टिकतो.

बुऱ्हाणुद्दीन ख्वाजांच्या पायांशी डोकं ठेवतात. माफी मिळते. पण माफीवर भागत नाही. ख्वाजा त्यांची बैअत, म्हणजे शिष्यत्वाची शपथ, पुन्हा घेतात, हातात हात घेऊन, पहिल्यांदा आलेल्या नवख्या माणसाची घ्यावी तशी. इतक्या वर्षांचा हा मुरीद पुन्हा पहिल्या ओळीवर उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांना धार लागते.

खाली दस्तरखान अंथरला जातो आहे. बैठकीतले लोक उठू लागतात. ज्या दोघांनी घोंगडीची गोष्ट ख्वाजांच्या कानावर घातली होती, त्यांचंही हेच घर, हीच बैठक. बुऱ्हाणुद्दीनांना उद्यापासून पुन्हा रोज इथेच यायचं आहे आणि त्या दोघांनाही. पागोटं पुन्हा डोक्याला गुंडाळत ते जिन्याकडे वळतात. आधी सलाम कोण करतो ते पाहायला तुम्ही बाजूला सरून त्यांना वाट देता.